वस्तीची गाडी आणि शंभर लिटर पाणी

पहिला दिवस : चिपळूण ते हेदवी

निघण्याआधी मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली. चारही टायर मुठीनं ठोकून पाहिले, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहिली आणि मग मला विचारलं, "बाय, पाणी किती घेतलंस?" डिझेल किती, वाट कुठली, हे सगळं नंतर.

"शंभर लिटर. साठ टाकीत, वीस-वीसचे दोन कॅन."

मामांनी मनाशी हिशेब केला. "दोन माणसांना चार दिवस. पाचव्या दिवशी कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागेल."

मामांनी एसटीत एकतीस वर्षं गाडी चालवली. त्यातली निम्मी राजापूर आगारात, वस्तीच्या गाड्यांवर. वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी आगारातून सुटून आडगावात मुक्काम करणारी आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत येणारी एसटी. रात्री ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर गाडीतच आडवे व्हायचे. त्यामुळे गाडीत झोपत, गाडीत रांधत प्रवास करायचा म्हटल्यावर आमच्या घरात सगळ्यांनी भुवया उंचावल्या, मामांनी फक्त तारीख विचारली.

गाडी माझी. जुनी ट्रॅव्हलर घेतली, मागची आसनं काढली, त्याची आरटीओत रीतसर नोंद करून घेतली. दोन फळ्यांच्या खाटा, पाच किलोचा गॅस, टपावर सौर पॅनेल, त्यावर चालणारा एक पंखा आणि दोन दिवे. तीन वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर अशाच एका गाडीतून जैसलमेरच्या बाजूला आठ दिवस हिंडले होते. तिथं वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस, आणि तरी त्या लोकांनी पाणी कसं धरून ठेवलंय ते पाहून मी थक्क झाले. अंगणातले टाके, शेताच्या उताराला बांध घालून पाणी मुरवणारी खडिनं, खोल नसलेल्या अरुंद विहिरी, म्हणजे बेरी. मे महिन्यात परत आले, तर चिपळूणच्या रस्त्यावर पाण्याचे टँकर उभे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस पडतो ३,००० मिलिमीटरहून जास्त. मी भूगोल शिकवते, हे आकडे मला पाठ होते. पण लिटर मोजत आठ दिवस काढल्यावर त्या आकड्यांनी मला झोपू दिलं नाही. तेव्हाच ठरवलं होतं, आपला सडा, म्हणजे कोकणातलं उघड्या कातळाचं पठार, असाच पालथा घालायचा, तोही मे महिन्यातच.

गुहागरला नारळ घेतले, वेळणेश्वरला थांबलो नाही. हेदवीला दशभुजा गणपतीच्या टेकडीखाली एका बागाईतदारांना विचारून गाडी लावली. भरतीच्या वेळी बामणघळ पाहून आलो. कड्याच्या चिंचोळ्या भेगेत लाट शिरते आणि फवारा होऊन वर उसळते. पाणी पाहावं तेवढं, प्यायला थेंब नाही. रात्री मऊ भाताची आटवल केली. दिवसाचा खर्च बावीस लिटर.

दुसरा दिवस : तवसाळ, जयगड, उक्षी

सकाळी तवसाळच्या फेरीबोटीत गाडी चढवली. शास्त्री नदीची खाडी ओलांडून पलीकडे जयगड. बोटीवर गाडी चढवताना मामा कुणाचं ऐकत नाहीत. खलाशी हात करत होता, मामा आरशात बघून सरळ मागे घेत गेले आणि वीतभर जागा सोडून लावली. जयगडच्या किल्ल्यात उन्हाचा चटका एवढा, की दहा मिनिटांत परत फिरलो.

मग कऱ्हाटेश्वर. इथं मला थांबायचंच होतं. देऊळ समुद्राला खेटून, आणि शेजारी गोमुखातून गोड पाणी वाहतंय. ऐन मे महिन्यात. वरचा सडा करपून काळा पडलेला, खाली लाटा, आणि मधे ही धार.

याचं कारण जांभ्यात आहे. बेसाल्ट लाखो वर्षं पावसात कुजत गेला, विरघळणारं ते वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा हा तांबडा, भोकाभोकांचा दगड झाला. ओला असताना कापावा, वाऱ्यावर वाळला की टणक होतो. म्हणून आमची घरं चिऱ्याची. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरानं १८००-०१ च्या प्रवासात केरळात लोक याच दगडाच्या विटा कापताना पाहिले आणि १८०७ च्या पुस्तकात वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट म्हटलं. तर या दगडाचा स्वभाव असा, की पाऊस पडला की तो चाळणीसारखा सगळं आत घेतो. खाली शाडूसारखी चिकणमाती लागली की पाणी तिथं अडतं आणि आडवं सरकत कड्याच्या पोटातून बाहेर पडतं. म्हणून आमच्या वाड्या खाली, झऱ्याच्या काठानं, आणि वर मैलोगणती सडा मोकळा. पावसाळा संपला की डिसेंबरपर्यंत झरे वाहतात, मग एकेक मिटत जातो. कऱ्हाटेश्वराचा टिकलाय.

एक कॅन भरून घेतला. मामांनी ओंजळभर पाणी प्यायलं, उरलेलं डोक्यावर घेतलं.

गणपतीपुळ्याला गर्दी होती, लांबूनच नमस्कार केला. निवळीवरून उक्षीला पोचलो तेव्हा सूर्य कलला होता, आणि कातळशिल्प, म्हणजे जमिनीच्या कातळात कोरलेलं चित्र, पाहायची हीच वेळ. डोक्यावर ऊन असलं की रेषा दिसत नाहीत. तिरपं झालं की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि हत्ती जमिनीतून उठून उभा राहतो. गावानं भोवती चिऱ्यांचा कठडा बांधलाय. आम्ही दोघंच होतो. मामा म्हणाले, "या रस्त्यानं शेकडो वेळा गेलो असेन. कुणी सांगितलंच नाही की इथं हत्ती आहे."

कुणाला माहीत नव्हतं असं नाही. गुराख्यांना माहीत होतं, काही ठिकाणी त्यांची पूजाही होत होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी सुट्टीच्या दिवशी सडे पायी तुडवत, गावोगाव म्हाताऱ्यांना विचारत फिरले, तेव्हा ही चित्रं नकाशावर आली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसाईमळ, अशी नऊ ठिकाणं गेली. सातबारावर मात्र अशा जमिनीला एकच शब्द असतो, पोटखराबा. तो शब्द मला फार लागतो. लागवडीला येत नाही एवढाच त्याचा अर्थ, पण एकदा कागदावर खराबा लिहिलं की तिथं खाण काढताना, भराव टाकताना कुणाचा हात अडखळत नाही.

तिसरा दिवस : कशेळीचा सडा

रत्नागिरीत भाजी आणि कोळशाची एक पिशवी घेतली. भाट्याचा पूल, पावस, मग पूर्णगड. मुचकुंदीची खाडी ओलांडून गावखडीच्या सुरूंमधून कशेळीकडे चढलो. खाडी म्हणजे हिरवं: माड, पोफळी, खाजण. चढ संपला की एकदम सगळं थांबतं. वर आभाळ आणि खाली काळा कातळ, मधे निवडुंगाचा एखादा ताटवा, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेलं कुंभ्याचं झाड. जैसलमेरच्या पुढं डांबरी संपून दगडी माळ लागला होता, तेव्हा छातीत असंच काहीतरी झालं होतं. तिथं रंग पिवळा, इथं काळा-तांबडा, एवढाच फरक.

सड्यावर अलीकडे आंब्याच्या बागा पुष्कळ झाल्या आहेत. कातळ फोडून खड्डा घ्यायचा, बाहेरून माती आणून भरायची, कलम लावायचं आणि पहिली काही वर्षं टँकरच्या पाण्यावर जगवायचं. या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळाची चव सगळ्यांना ठाऊक. दगडात खड्डा पाडणाऱ्याचे हात एकदा जवळून पाहावेत.

कनकादित्याचं दर्शन घेतलं. सूर्याचं देऊळ, आणि या उन्हात ते किती योग्य जागी आहे असं वाटलं. मग कशेळीचं कातळशिल्प. हा हत्ती उक्षीच्या हत्तीसारखा एका नजरेत मावत नाही. साधारण १८ मीटर लांब, आणि त्याच्या अंगभर दुसरी चित्रं: मासे, पक्षी, जनावरं. कडेकडेनं चालत त्याची सोंड, पाय, शेपूट जुळवावी लागते. अभ्यासक ही परंपरा मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. कोकणातल्या कातळांवर हत्ती आहे, गेंडा आहे. आज हे प्राणी इथं कुठं आहेत? ज्यानं हा कोरला तो पाणी कुठून आणत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

मुक्कामाला सड्यावरच, जमीनमालकाला आधी फोन करून परवानगी घेतली होती. कच्च्या वाटेनं अर्धा तास गाडी हेलकावे खात गेली. थांबलो, चहा ठेवावा म्हणून नळ उघडला, तर नळातून नुसती हवा. खाली वाकून पाहिलं. टाकीच्या नळीची क्लिप हादऱ्यांनी निसटली होती आणि शेवटचं पाणी बोटाएवढ्या धारेनं कातळावर पडत होतं.

मी तिथंच बसून राहिले. ती धार कातळावर पडायची, वीतभर ओघळायची आणि एका भोकात शिरायची. मी बोट घालून पाहिलं, भोक आतून गार होतं. पाच मिनिटांत धार थांबली, पुढच्या पाच मिनिटांत कातळ कोरडा ठाक. चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी कुठं गेलं त्याची खूणसुद्धा राहिली नाही. वर्गात मी जांभ्याची सच्छिद्रता फळ्यावर चित्र काढून शिकवते. आता ती डोळ्यांदेखत पाहिली, आणि घसा कोरडा पडला.

मामांनी नळी पुन्हा बसवली, क्लिपवर तारेचे तीन वेढे दिले. "उरलं किती?"

"एका कॅनमधे पंधरा लिटर असेल."

"मग आज चूळ भरायची नाही. पेज कर, पाण्यासकट पोटात जाते."

पेज केली. तांदूळ धुतलेलं पाणी टाकलं नाही, त्यात भांडी विसळली. थरच्या वाळवंटात भांडी वाळूनं घासून लख्ख करतात, पण सड्यावर वाळूही नसते. नारळाच्या सोडणाच्या काथ्यानं आणि राखेनं भागवलं.

दिवसा तापलेला कातळ रात्री नऊपर्यंत पायांना चटका देत होता. मग वारा सुटला. खाडीकाठी अंगाला चिकटणारा दमटपणा इथं नव्हता. मामांनी खाली उतरण्याआधी बॅटरीचा झोत फिरवला आणि काठी आपटली. "फुरसं असतं. चप्पल झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही." फुरसं म्हणजे वीतभर ते हातभर लांबीचा, दगडाच्या रंगाचा विषारी साप. हाच थरच्या वाळवंटातही राहतो. तिथल्या वाटाड्यानंही आम्हाला शब्दाशब्दाला हेच सांगितलं होतं, चप्पल झटका.

चौथा दिवस : सड्यापलीकडची विहीर

पहाटे तीनला मामांनी उठवलं. "चल. आता गेलो तर पाणी मिळेल. उजाडल्यावर नाही."

सड्याच्या दुसऱ्या उतारावर एक वाडी आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लग्नं जमायला तिथं आधीच अडचण येते. मामांची गाडी सात वर्षं तिथं वस्तीला असायची. पायऱ्यांची पाखाडी उतरताना खाली कंदील हलताना दिसले. विहिरीत पायऱ्या, तळाशी चार बायका. विहिरीला पाणी असं नव्हतंच. एका कोपऱ्यात दगडाच्या फटीतून पाझर येत होता आणि परातीएवढ्या खळग्यात साचत होता. एकजण उकिडवी बसून करवंटीनं ते उचलून हंड्यात ओतत होती. करवंटी तळाला टेकवायची नाही, नाहीतर गाळ ढवळतो. एक हंडा भरायला अर्ध्या तासावर वेळ जात होता. बाकीच्या पायऱ्यांवर बसून होत्या. कुणी झोपेत नव्हतं, कुणी घाईतही नव्हतं.

मामांनी वरूनच खाकरून आवाज दिला. करवंटीवाल्या बाईंनी मान वर केली, कंदील उचलला.

"ड्रायव्हर ना तुम्ही? रातच्या गाडीचे?"

"व्हय. म्हातारी कशी आहे?"

"सासूबाई गेल्या. चार वर्षं झाली."

मामा पायरीवर टेकले. नंतर त्यांनी सांगितलं ते असं : गाडी लावली की ती म्हातारी पेज आणि भाजलेली सुकट घेऊन यायची, पैशाला हात लावायची नाही. मग मे महिन्यात मामा आगाराच्या नळावर दोन कॅन भरून गाडीतून न्यायचे आणि तिच्या ओट्यावर ठेवायचे. सात वर्षं हा क्रम चालला. मला, त्यांच्या सख्ख्या भाचीला, हे आजवर माहीत नव्हतं.

आम्ही नको नको म्हणत असताना त्यांनी आम्हाला दोन हंडे दिले. स्वतःच्या वाटणीचे. मी पैशाची गोष्ट काढली, तर बाई मामांकडे वळून म्हणाल्या, "पोरीला सांगा, पाण्याचे पैसे घेत नाहीत. उसनं समजा."

काही वाड्यांत दिवाळीनंतर वहाळावर वनराई बंधारा घालतात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून रचायची, वाहणारं पाणी अडवायचं. जिथं घालतात तिथं विहीर मार्चपर्यंत टिकते. पण हात लागतात, आणि हात मुंबईला गेलेत. गणपतीला आणि शिमग्याला येणारी मंडळी त्या मधल्या महिन्यात नसतात. उन्हाळ्यात येतात ती आंबे खायला, तेव्हा विहीर आटलेली असते आणि घरात माणसं दुप्पट. मी कुणाला दोष देत नाही, माझे स्वतःचे दोन चुलतभाऊ नालासोपाऱ्याला आहेत. पण थरमधल्या २०० मिलिमीटरच्या गावात आगोर, म्हणजे तळ्यात पाणी आणणारा उतार, साफ करायला सगळं गाव येतं, आणि आमचा ३,००० मिलिमीटरचा पाऊस चार महिन्यांत समुद्राला मिळतो, हे मी त्या पायरीवर बसून पाहिलं.

दिवसभर गाडी एका काजूच्या सावलीत उभी केली आणि काही केलं नाही. वाळवंटातला हा नियम इथंही पाळावा, दहा ते चार हलायचं नाही. करवंदं पिकली होती. संध्याकाळी चालायला निघाले तर एक टिटवी ओरडत अंगावर आली. पायाखाली पाहिलं, वावभर अंतरावर कातळाच्या खोलगट जागेत चार अंडी, वर काळे ठिपके, दगडांत दगडासारखी. घरट्याला काडी नाही, बारीक खड्यांची एक चौकट तेवढी. मामांना बोलावलं. ते लांबूनच मोजून खूश झाले. "चार आहेत. चारी महिने पाऊस."

पाचवा दिवस : देवाचे गोठणे

आडिवऱ्याला महाकालीला हात जोडले आणि आतल्या रस्त्यानं देवाचे गोठणे गाठलं. भार्गवरामाच्या देवळामागून सड्यावर चढून गेलं की कातळात कोरलेली एक माणसाची आकृती आहे. मी कॉलेजातलं होकायंत्र बरोबर आणलं होतं. आकृतीपासून दूर उभं राहिलं तर सुई नीट उत्तर दाखवते. आकृतीवर नेऊन कातळावर ठेवलं, आणि सुई हळूहळू फिरत भलतीकडे जाऊन थांबली. उचललं, परत उत्तर. मामांनी माझ्या हातून घेऊन स्वतः चार वेळा ठेवून पाहिलं. खालच्या दगडात चुंबकत्व आहे हे कारण. नेमक्या त्याच जागी कुणी माणूस का कोरावा, यावर आम्ही दोघं दुपारभर बोलत होतो. मामांचं म्हणणं, ज्याला या कातळावर अनवाणी चालायची सवय होती, त्याला आपल्याला कळत नाही असं पुष्कळ कळत असणार.

या सड्यांवर पहिल्या पावसात दीपकाडी फुलते. पांढऱ्या शुभ्र फुलांची काडी, दक्षिण कोकण आणि गोव्याच्या सड्यांपलीकडे जगात कुठं नाही. पुढं सीतेची आसवं येतात, निळी-जांभळी, चिमूटभर मातीत. आत्ता सगळं कातळाखाली कांद्यांत आणि बियांत झोपलेलं. हा कातळ उघडा, म्हणून ते तिथं. खड्डे काढून माती भरली की ते जातं.

परत येताना चाकाखालचा एक धोंडा उडून खणकन लागला. वीस पावलांवर डिझेलचा वास आला. टाकीच्या सांध्यातून थेंब, मग थेंबांची माळ. मी घाबरले. आजूबाजूला माणूस नाही, मोबाइलला रेंज नाही, ऊन माथ्यावर.

मामा शांतपणे म्हणाले, "कपडे धुवायचा साबण दे."

वडी घेतली, पिवळी, चौकोनी. चाकूनं कापून हातात चुरली, थुंकी लावून मळली. पाणी मागितलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. मग गाडीखाली उताणं सरकून, फडक्यानं सांधा पुसून, अंगठ्यानं तो गोळा भेगेत दाबत गेले. आधी मधे, मग दोन्ही टोकांना, पुन्हा मधे. साबण डिझेलमधे विरघळत नाही. दहा मिनिटांत माळ तुटली, थेंब थांबला. वर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट बांधली. "वस्तीच्या गाडीला मागून मदत येत नसते, बाय. सकाळी सहाला पोरं शाळेला जायला उभी असतात."

राजापूरपर्यंत तिसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. साबण टिकला.

सहावा दिवस : राजापूर ते देवगड

गॅरेजमधे टाकी उतरवून, धुऊन, झाळून घेतली. सकाळ त्यात गेली. तेवढ्यात मी जवळच्या उन्हाळे गावाला जाऊन आले. गरम पाण्याचा झरा वाहत होता, वर गंगेची कुंडं मात्र कोरडी. राजापूरची गंगा साधारण तीन वर्षांनी प्रकट होते, काही काळ वाहते आणि जाते. पाणी आलं की लोक दर्शनाला जातात. पाण्याच्या येण्याला दर्शन म्हणणारी माणसं आपण, ही गोष्ट मला बरी वाटली.

गॅरेजवाल्यांनी एक कॅन भरून दिला. वाघोटणची खाडी ओलांडून विजयदुर्ग, तटावर एक फेरी, आणि रात्री देवगड. पवनचक्क्यांच्या टेकडीवर वारा एवढा की गाडी झोपाळ्यासारखी हलत होती.

सातवा दिवस : तळाशील

कुणकेश्वर, आचरा, आणि मग तोंडवळी-तळाशीलची चिंचोळी पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी, मधे वाळू आणि माड. वाळूत गाडी घालायची नाही हे आधीच ठरलेलं. डांबरी संपते तिथं एका घराच्या अंगणात विचारून लावली.

घरच्या आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, "खंयसून इलात?" आणि दुसरा, "पाणी व्हया?"

अंगणातच विहीर. आत डोकावले तर दहा-बारा फुटांवर पाणी, निवळ, माडाची झावळी त्यात दिसत होती. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर, खाडी पाठीशी. मामांनी कळशी सोडली, वर घेतली, आधी बोट बुडवून जिभेला लावलं, मग घटाघटा प्यायले. "गोडं आहे गं."

हे पुस्तकात वाचलेलं मी पहिल्यांदा चाखत होते. पावसाचं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत राहतं. समुद्राच्या पातळीवर एक फूट गोडं पाणी उभं असेल तर खाली सुमारे चाळीस फूट ते खाऱ्याला दाबून धरतं. पण वरून उपसा जास्त झाला की तेवढ्याच पटीनं खारं वर चढतं. जांभ्यानं जे आमच्यादेखत गिळलं, ते ही वाळू धरून बसली होती.

मी गाडीतला लहान पंप काढायला लागले, तर आजोबांनी हात आडवा केला. "पंप नको हां. पंप लावलो काय पाणी मचूळ होता. कळशीन काढा, व्हया तितक्या काढा."

मग कळशीनं काढलं. मामा शेंदत होते, मी गाळून ओतत होते. टाकी भरत आली तसा आतला आवाज बदलत गेला, पोकळ होता तो भरीव झाला. साठ लिटर झाले. मी दोर गुंडाळायला घेतला.

"थांब," मामा म्हणाले, आणि दोन्ही कॅन उघडून, विसळून, विहिरीच्या कठड्यावर ठेवले.

"मामा, उद्या तर घरीच जातोय. महामार्गानं संध्याकाळपर्यंत चिपळूण."

"महामार्गानं नको. राजापूरवरून आडिवऱ्याकडे वळू." त्यांनी कळशी पुन्हा आत सोडली. "उसनं आहे ते."